तांबड्या झाडातली बाळंतीण

एका डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर तांबड्या झाडांचं रान होतं. झाडं कसली, राक्षसच! गावातल्या सगळ्या पोरांनी हात धरून कोंडाळं केलं तरी एक खोड कवेत मावायचं नाही. साल तांबडीलाल आणि गोधडीसारखी जाड. शेंडे तर ढगात घुसलेले. वर काय चाललंय ते देवाला ठाऊक, नाहीतर माकडांना.

त्या गावात एक झाडपाड्या होता. गावाला लाकूड लागलं की झाड पाडायचं काम त्याच्या घराकडं, अगदी आजा-पणजापासून. दुसऱ्या कुणी कुऱ्हाड लावायची नाही. आणि त्या घराची एक रीत होती. झाड पाडायच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड उलटी धरून खोडावर ठोकायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, "बिऱ्हाड हलवा होऽऽ! उद्या कुऱ्हाड येणार!"

मग खारी, पाखरं, साप-सरडे, ज्याचं ज्याचं घर असेल त्यानं गाठोडं बांधावं आणि चालायला लागावं. दुसऱ्या दिवशी झाडपाड्या बिनघोर घाव घालायचा. सांगून ठेवलंय ना? मग झालं तर! कोण गेलं, कोण राहिलं, हे वर चढून बघायची रीत मात्र नव्हती. तेवढी रीत पाडायची आजोबाला आठवण राहिली नसणार.

गावाजवळ ओढा होता. रानातल्या धुक्याचं पाणी झाडांवरून ठिबकत राही, त्यामुळं भर उन्हाळ्यातही त्याला छातीएवढं पाणी. त्याच्यावरचा लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल, वाळवीनं खाल्ला आणि एक दिवस कोसळला, तोही पाटलाच्या म्हशीसकट. म्हैस पोहत बाहेर आली. साकव काही आला नाही.

बाजार पलीकडं, शेतंही पलीकडं. पाटील झाडपाड्याला घेऊन ओढ्यावर गेला. काठावरच एक थोरलं झाड होतं.

"हे पाड. नीट पाडलंस तर आडवं ओढ्यावरच पडंल. ओढत न्यायला नको का काय नको. बाजाराच्या दिवसाआधी साकव पाहिजे बघ."

"आणि न्हाई झाला तर?"

"तर कुऱ्हाड माझ्या ओट्यावर आणून ठेव. मी दुसरा झाडपाड्या बघतो."

कुऱ्हाड गेली की घराचं नावच गेलं. झाडपाड्यानं घाईघाईनं खोडावर ठोकलं, ओरडला आणि घरी गेला.

घरी त्याची बायको बाळंत झालेली. त्याच्या आईनं खोलीच्या फटीफटीत चिंध्या कोंबल्या होत्या आणि दाराला घोंगडं लावलं होतं. वारं म्हणून आत जायचं नाही. आत बाळंतीण, बाळ आणि शेगडीचा धूर. झाडपाड्यानं बाहेरून डिंकाचा लाडू पुढं करायचा, घोंगडं जरासं सरकायचं, एक हात बाहेर यायचा, लाडू गडप! नवरा-बायकोची भेट म्हणजे तेवढीच.

सकाळी तो झाडापाशी गेला. कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात डोक्यावर फडफड झाली. एक धनेश आला, केळ्याएवढी चोच असलेलं ते मोठं पाखरू. ते खोडाला चिकटून बसलं. तिथं एक ढोली होती, पण तिचं तोंड चिखलानं लिंपलेलं. मधे नुसती एक फट. फटीतून दुसरी चोच बाहेर आली. धनेशानं उंबर दिलं. चोच आत, उंबर गडप!

झाडपाड्यानं आ वासला. "आयला, हे तर आमच्या घरचंच चाललंय!"

तो दोर टाकून वर चढला आणि फटीला नाक लावलं. नाकाला चोचीचा असा प्रसाद मिळाला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण काजव्यांच्या उजेडातही त्याला दिसायचं ते दिसलं. आत मादी बसलेली, पंखांची पिसं झडलेली, पोटाखाली उघडीनागडी पिल्लं. भिंत तिनंच लिंपून घेतलेली. काल तो ओरडला ते तिनं ऐकलं असणार. पण ऐकून ती करणार काय?

तो तसाच घरी आला आणि घोंगड्याशी उभा राहिला.

"अगं, समज आत्ता कुणी सांगितलं की घर खाली कर, उद्या पाडायचंय. तर?"

"तर त्याला आत पाठवा," आतून बायको म्हणाली, "शेगडी फुंकायला."

"आणि लंगोट धुवायला," म्हातारीनं चुलीपुढून भर घातली.

"चेष्टा न्हाई गं. खरंच सांगितलं तर?"

मग बायको म्हणाली, "अहो, मला उठून बसवत न्हाई. सांगितलं काय अन् न सांगितलं काय, मी हितंच."

झाडपाड्या निघाला तो सरळ पाटलाच्या वाड्यावर. त्यानं कुऱ्हाड ओट्यावर ठेवली.

"काय रं, धार गेली का?"

"धार हाय. झाडात बाळंतीण हाय."

पाटील हसून हसून खोकायला लागला. "अरं, काल ओरडलास का न्हाई? रीत झाली ना?"

"रीत झाली, पाटील. तिला निघता येत न्हाई."

"मग बस घरी, नाक शेकत!"

रिकाम्या हातानं घरी कुठल्या तोंडानं जायचं? तो ओढ्याच्या काठाकाठानं वर चालत राहिला. धनेश डोक्यावरून जायचा, उंबर घेऊन परत यायचा, पुन्हा जायचा. झाडपाड्या मनात म्हणाला, 'बघू तरी, गडी किराणा कुठून आणतोय!' आणि त्याच्या मागोमाग रानात शिरला.

इतकं आत गावातलं कुणी गेलंच नव्हतं. काठावरचं पाडायचं आणि घरी यायचं, एवढंच ठाऊक. आत थंडगार. शेवाळ मऊ. फांद्यांवरून शेकरू उड्या मारत होतं. एका वळणापलीकडं उंबर दिसला, फळांनी लगडलेला, ओढ्याच्या पल्याड. आता पल्याड जायचं कसं?

तो खाली बघतो तर काय! एक थोरलं तांबडं झाड कधीकाळी वाऱ्यानं उलथलेलं, या काठापासून त्या काठापर्यंत आडवं पडलेलं. वर बैलगाडी जाईल एवढी रुंदी. झाडपाड्या त्याच्यावर नाचला, आपटून बघितलं, उड्या मारल्या. हुं नाही की चूं नाही. तो तिथंच मांडी घालून बसला आणि एकटाच खदाखदा हसत सुटला. छातीवरचा धोंडाच उतरला म्हणा ना.

त्यानं गावात जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिथं जमलं. झुडपं बाजूला करून पायवाट केली, धरायला दोर बांधला. वाट थोडी लांबची, पण पाऊल कोरडं.

पहिला मान पाटलाचा. मध्यावर जाऊन पाटलानं खाली पाणी बघितलं आणि मान विसरून रांगायलाच लागला. बाया पदरात तोंड घालून हसल्या.

पलीकडं पोचल्यावर पाटलानं धोतर झटकलं, मिशी सारखी केली आणि ओरडला, "बघता काय? माझ्या ओट्यावरची कुऱ्हाड झाडपाड्याला देऊन या कुणीतरी. आणि त्या काठावरच्या झाडाला हात लावंल त्याला ह्याच्यावरनं रांगायला लावीन!"

यातून घ्यायचं तात्पर्य: नुसतं "निघा" म्हणून सांगितलं की आपण मोकळे झालो, असं नसतं. समोरच्याला निघता येतंय का, ते जाऊन बघावं.