बांधाखालची लेकरं

एका गावात साळूआत्या नावाची एक सुईण होती. गावातलं प्रत्येक लेकरू पहिल्यांदा तिच्याच हातात आलेलं.

एका वर्षी पाऊस थांबेचना. गावाच्या वरचं तळं काठोकाठ भरलं, बांधाला भेगा पडल्या. पाटलानं सकाळीच माणसं गोळा केली.

"बांध आपसूक फुटला, तर गाव वाहून जाईल. त्यापेक्षा पलीकडचं टोक आपणच फोडू. पाणी ओढ्यानं निघून जाईल."

"अरे, ओढ्याकाठी कोळसेवाल्यांची वाडी आहे," आत्या म्हणाली. "तिथली पोरं?"

"त्यांना हलवत बसायला वेळ कुठाय? आपली पोरं वाचली म्हणजे झालं."

माणसं कुदळी आणायला पांगली. आत्या घरी आली, पण तिला बसवेना. उंबऱ्यापर्यंत जाई, मागं फिरे. चुलीपुढं नात भाकरी खात होती. तिच्याकडे पाहिलं, की आत्याला वाडीतली पोरं आठवत.

शेवटी तिनं नातीला कडेवर घेतलं आणि पाटलाचं दार गाठलं.

"मी वाडीत चालले. हिलाही नेतेय. आता तिथं गावाचंही एक पोर आहे. काय ते ठरव."

"आत्या, वेड लागलं का तुला?" पाटील ओरडला. पण आत्या चिखल तुडवत निघालीसुद्धा.

आत्या नातीला घेऊन वाडीत गेल्याचं कळलं, तशी बांधावर कुणाचीच कुदळ उठेना. "माझ्या हातून नाही व्हायचं," एक जण म्हणाला आणि वाडीकडे धावला. त्याच्या मागं दुसरा, तिसरा. बघता बघता अख्खं गाव वाडीत शिरलं. पोरं खांद्यावर घेऊन सगळे टेकडीवरच्या देवळात आले.

कुणी तरी आत्यापुढं गरम पेज ठेवली. तिनं ती तशीच बाजूला सारली.

"आता काय राहिलं, आत्या?" पाटलानं विचारलं. "सगळी सुखरूप आहेत."

"हा ओढा पुढं कुठं जातो रे?"

पाटलानं ओढ्याच्या खालच्या अंगाला पाहिलं. मग त्यानं घोडं सोडलं. "मी खालच्या गावाला सांगून येतो. तोवर मातीची पोती टाका, पण बांध धरून ठेवा!"

गावानं आणि वाडीनं मिळून बांध धरला. आत्या देवळाच्या पायरीवर उभी राहून वाट बघत राहिली. दिवस कलला, पाटील परतला, तेव्हाच बांधाचं पलीकडचं टोक फोडलं. वाडीतल्या झोपड्या गेल्या, खालच्या गावातली शेतं गेली. पण एकाही आईची कूस रिकामी झाली नाही.

तात्पर्य: आपली लेकरं वाचली म्हणून स्वस्थ बसू नये. पाणी पुढं जातं, आणि पुढंही कुणाची तरी लेकरं असतात.