घारीची सावली

लई मागं, कोंबड्या घारींशी बोलत हुत्या तवाची गोष्ट. घारींनी कड्यावर गमतीची शर्यत लावली. पंख पसरून वाऱ्यावर नुसतं तरंगायचं, फडफडला तो बाद. गावातली चंद्री नावाची तलंग, नुकती वयात आलेली कोंबडी, तीबी गेली. कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली जलम काढायचा न्हाई, एवढंच तिच्या डोस्क्यात.

"हरलीस तर कुणी खात न्हाई तुला," म्हातारी घार हासली. "खेळ हाय, पोरी."

चंद्रीनं कड्यावरनं अंग सोडलं. वाऱ्यानं तिला खरंच उचललं. खाली उकिरडा केवढासा दिसाय लागला.

"झ्याक चाललीस की," म्हणत म्हातारी घार कौतुकानं तिच्या वर आली. घारीची सावली चंद्रीच्या पाठीवर पडली, आन आईनं पिल्लूपणी शिकवलं तेच तिनं केलं. पंख मिटून अंग चोरलं. धोंड्यागत करवंदीच्या जाळीत आपटली.

कुणी हासलं न्हाई. त्येचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी घार तिला परत बोलवाय आली. अंगणात सावली पडली.

"मिटायचं न्हाई," चंद्री पंखांना म्हणाली. पर सगळ्यांच्या आधी तीच डालग्याखाली शिरली.

घार वर हाका मारीत फिरत ऱ्हायली, आन तिची सावली काय अंगणातनं हालंना.