लिग्नमचा हातोडा

दिवाणसाहेबांनी हौसेनं अमेरिकेहून लिग्नमच्या झाडाचा ओंडका मागवला. पाण्यात टाकला तर बुडणारा आणि पटाशीची धार घालवणारा. "यातून कामाची वस्तू कर, नाहीतर राजवाड्याचं काम सोड," त्यांनी धाकू मेस्त्रीला बजावलं.

तीन पटाश्या बोथट झाल्यावर धाकूनं नक्षीचा नाद सोडला. ओंडक्याचा तुकडा कापून त्याला दांडा बसवला आणि तो हातोडा दरबारात महाराजांसमोर नेऊन ठेवला.

"एवढंच?" दिवाण कडाडले.

"साहेब, जो कुणाचंच ऐकत नाही, त्याला घडवत बसू नये. त्यालाच दुसऱ्यांना ठोकून सरळ करायच्या कामाला लावावं. महाराजांनी तुम्हाला दिवाण नेमलं, ते याच विचारानं ना?"

महाराजांनी ओठ दाबून हसू आवरलं. दिवाणांनी हातोडा हातात घेऊन पाहिला आणि सगळ्यांआधी तेच खो खो हसत सुटले.