गुणाजी वस्तादांची उशी

नदीला पूल नव्हता, बेलोंडीला जायचं तर पलीकडच्या काठावर उभं राहून होडीवाल्याला हाका माराव्या लागत, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. आज जे सांगतात त्यांनी ती आजोबांकडून ऐकली, आणि आजोबांनीही ऐकलेलीच होती. म्हणून मधे कुठे कुठे ती दोन तऱ्हांनी सांगतात. जिथे तसं आहे तिथे दोन्ही तऱ्हा दिल्या आहेत.

बेलोंडीत भैरोबाच्या देवळामागे तालीम होती. जाड भिंती, ठेंगणं दार, आत तांबड्या मातीचा हौदा. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं सगळं मिसळलेलं असे, त्यामुळे दारातून वाकून आत शिरलं की लोणच्याच्या बरणीत डोकावल्यासारखं वाटे. ही तालीम गुणाजी वस्तादांची. वस्ताद काही धिप्पाड नव्हते. मान जाड, कान कुस्तीने मुडपलेले, चालणं सावकाश. पण माणसाचं अंग त्यांना जसं कळे तसं पुन्हा कुणाला कळलं नाही, असं म्हणतात.

नवा पोरगा आला की वस्ताद आधी त्याचं मनगट अंगठ्या-बोटाच्या कडीत धरून बघत. मग घोटा बघत. मग त्याला आडवं करून नडगीला कान लावत. भरात आलेल्या जोंधळ्याच्या रानात गप्प बसलं तर कांडी वाढल्याची बारीक तडतड ऐकू येते. वस्तादांना वाढत्या पोरांच्या हाडात तशी तडतड ऐकू येई, असं म्हणतात. ऐकून झालं की ते सांगत, "ह्याचं अजून लई हाय. घाई नगं." नाहीतर, "हा उंच व्हईल, रुंद न्हाई." नाहीतर, "झालं ह्याचं. ह्याला आता डाव शिकवा, वजन न्हाई." आणि काही वर्षांनी बघावं तर तसंच झालेलं असे.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मांस लवकर येतं, शिरा मागून येतात, आणि हाड सगळ्यात शेवटी पिकतं. वाढत्या पोराच्या हाडांची टोकं कच्च्या विटेसारखी असतात. दिसायला वीटच, पण भार टाकला की फरक कळतो. आणि पूर्ण वाढ झाली तरी अंगावर मांस टिकतं ते मनगटाच्या मापानंच. त्याच्यावर जे येतं ते पाहुणं असतं, राहायला आलेलं नसतं.

म्हणून त्यांच्या तालमीत मेहनतीइतकीच झोप सक्तीची होती. दुपारी पोरं हौद्याच्या कडेला ओळीने झोपत. कुणी डोळे उघडे ठेवून पडला की वस्ताद म्हणत, "अरं लेका, जोर काढताना अंग झिजतंय, आन् झोपंत भरतंय. मीट डोळं मुकाट्यानं."

देवळापुढे एक काळा धोंडा होता. लांबून बसलेल्या रेड्यासारखा दिसे, म्हणून त्याला रेडाच म्हणत. जत्रेला गावोगावचे गडी येऊन रेडा उचलत. गुडघ्यापर्यंत आणला तर नारळ, छातीपर्यंत आणला तर फेटा. खांद्यावर घेतलेला मात्र कुणी पाहिला नव्हता. गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाने घेतला होता, एवढंच सांगत. नेम एकच होता. गडी धोंड्याला लागला की त्याला किंवा धोंड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर त्या वर्षी भैरोबाची पालखी देवळाबाहेर पडत नसे, आणि मग वर्षभर गावात कुणाचं मूल शिंकलं तरी लोक देवळाकडे बघत.

एका जत्रेला मांजरखेडच्या गड्याने रेडा छातीपर्यंत आणला, आणि त्या वर्षी बेलोंडीच्या एकालाही तो गुडघ्याच्या वर नेता आला नाही. मांजरखेडची माणसं होडीत बसता बसता ओरडली, "रेडा बांधून ठिवा रं! पुढल्या साली दावं घिऊनच येतो!" हे बेलोंडीला फार लागलं. सगळ्यात जास्त लागलं सुभानराव पाटलांना.

त्या वेळी तालमीत सिदू नावाचा पोरगा होता. गणू तेल्याचा मुलगा. मिसरूड नुकतंच फुटलेलं. आला तेव्हा तुरकाटीसारखा काटकुळा होता, पण वस्तादांच्या हाताखाली असा भरला की घाण्याचा बैल आजारी पडला तेव्हा ह्याने जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन घाणा ओढला, असं म्हणतात. सरावाला तो रेडाच उचले. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. होता होता रेडा त्याच्या छातीला लागला. गावाला वाटलं, असंच चाललं तर जत्रेपर्यंत खांद्यावर.

पण तिथे गाडं थांबलं. महिने गेले, रेडा छातीच्या वर सरकेना. सिदू चिडला. चोरून जास्त जोर काढायला लागला, दुपारी झोपेचं सोंग घेऊन मुठी वळत पडायला लागला. शेवटी तो वस्तादांपुढे येऊन उभा राहिला.

"वस्ताद, म्होरं का सरकंना?"

"कुठवर न्यायचाय?"

"खांद्यावर."

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. नडगीला कान लावला. आत तडतड होती, पण अगदी बारीक. विझत्या चुलीत एखादी काडी वाजावी तशी.

"छाती तुझी हाय," ते म्हणाले. "खांदा तुझा न्हाई. औंदा न्हाईच, आन् म्होरंबी बहुतेक न्हाई."

"आनखी मेहनत करतो की!"

"सिदू, तू तेल्याचा. मला सांग, घाण्याला आनखी एक बैल जुपला तर तेवढ्याच तिळातनं आनखी तेल निघंल?"

"दुसरा बैल जुपून बघितलाय कुणी?" सिदू म्हणाला. बाकीची पोरं फिदीफिदी हसली. वस्तादही हसले, पण त्या रात्री ते जेवले नाहीत, असं म्हणतात.

त्याच सुमाराला होडीतून एक फिरस्ता औषधवाला उतरला. त्याच्याजवळ पितळी डब्यात काळाभोर लेह होता. कुणी म्हणतात तो औषधवाला उत्तरेकडचा होता, कुणी म्हणतात तो कुठलाच नव्हता. तो म्हणाला, ह्याचं एक बोट चाटलं की चाळीस जोरांचं काम होतं. पाटलांनी डबाच ठेवून घेतला आणि सिदूच्या हातात दिला. "गुणाजीला सांगू नगंस. म्हाताऱ्याच्या हाताखाली खुंटलास तू."

मग सिदू फुगायला लागला. दंड भरले, मान दिसेनाशी झाली, बाराबंदीच्या शिवणी उसवल्या. बायका पाणवठ्यावर घागर ठेवून बघत. आई रोज दृष्ट काढी. गाव त्याचे दंड बघत होतं. वस्तादांनी एक दिवस त्याचं मनगट धरलं. ते होतं तेवढंच होतं. मग त्यांनी नडगीला कान लावला. बराच वेळ लावला. आत काहीच वाजेना.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाई."

"तुझं हाड गप झालंय, पोरा. काय खाल्लंस सांग."

सिदूने मान खाली घालून डब्याचं सांगितलं. वस्तादांनी तो डबा मागून घेतला आणि नदीत रिकामा केला. तिथल्या डोहात त्यानंतर बोटाएवढे मासे सुपाएवढे झाले आणि आठवड्याच्या आत उलटे होऊन तरंगले, असं म्हणतात.

तिथून ते गणू तेल्याच्या घाण्यावर गेले. गणू पेंड भरत होता.

"गणू, औंदा पोराला रेड्याफुडं उभा करू नगंस."

"का वं? कसं फुललंय पोरगं!"

"फुललं न्हाई, सुजलंय. खांद्यावर घ्यायला गेला तर पाठ मोडंल त्याची."

गणूने हात पुसले. "तुमी येकटं म्हनताय सुजलंय. सारं गाव म्हनतंय फुललंय. आता सांगा वस्ताद, गावात कुनी तेल्याच्या पोराकडं असं मान वर करून कधी बघितलं व्हतं?"

वस्तादांनी खांद्यावरचं घोंगडं सावरलं. ते पाटलांकडे गेले. पाटील ओसरीवर पान लावत बसले होते.

"म्हातारपणी मानूस भित्रा व्हतो, गुणाजी," पाटील म्हणाले.

"व्हतो, पाटील. पोरं मोठी करायची तर भ्यावं लागतं."

"जत्रंला घरी बसा मग."

वस्ताद घरी बसले नाहीत.

जत्रेच्या दिवशी देवळापुढे मुंगीला वाट नव्हती. हलगी कडकडत होती. मांजरखेडवाले खरोखरच दावं घेऊन आले होते आणि ते रेड्यावर टाकून हसत होते. त्यांच्या गड्याने रेडा छातीपर्यंत नेला आणि धाडकन टाकला. जमीन हादरली. मग पाटलांनी सिदूला पुढे केलं.

सिदूने माती कपाळाला लावली आणि धोंड्याला मिठी मारली. रेडा सुटला. घोट्याला आला, गुडघ्याला आला, मांडीवर टेकला. दम घेऊन त्याने तो वर ओढला आणि छातीला लावला. इथपर्यंत त्याचा रोजचा सराव होता. गाव बेभान झालं. "खांद्यावर! घे खांद्यावर!" हलगी, शिट्ट्या, आणि सगळ्यात मोठा आवाज पाटलांचा. सिदूने गुडघे किंचित वाकवले. आता तो उसळी घेणार होता. त्याच्या नाकातून रक्ताची धार ओठावर आली होती आणि ती त्याला कळलीही नव्हती.

वस्ताद कडेला उभे होते. हात लावता येत नव्हता. लावला असता तर पालखी अडली असती, आणि गावाने ते सिदूच्या नावावर जन्मभर लिहून ठेवलं असतं. ओरडून उपयोग नव्हता, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं. त्याची नीट घडी घातली. सावकाश चालत ते सिदूच्या पायांपाशी गेले, घोंगडं जमिनीवर ठेवलं आणि त्यावर डोकं टेकून आडवे झाले. दुपारच्या झोपेला पडावं तसे. धोंडा निसटला असता तर नेमका त्यांच्या तोंडावर आला असता.

हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला. बघता बघता सगळा माळ चिडीचूप झाला.

वस्तादांनी खालून सिदूकडे बघितलं. "छाती तुझी हाय म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "छातीवरनं खाली आनायचं बळ तुझं सोत्ताचं हाय. आन खाली. माझ्या उशाला ठेव."

उसळी घ्यावी तर वस्तादांचं डोकं, टाकावा तरी वस्तादांचं डोकं. सिदूचे दंड लटपटत होते. फुगलेलं मांस त्या वेळी कामाला आलं नाही, ते आधीच थकलं होतं. कामाला आलं ते वस्तादांनी दोन वर्षं मुरवलेलं बळ, त्यानेच धोंडा छातीशी तोलून धरला. पण पोर जागचं हलेना. ते गावाकडे बघत होतं. गाव काय म्हणतंय याची वाट बघत होतं.

तेव्हा गर्दीतून एक आवाज फुटला. "पुरं!"

तो गणू तेली होता. दोन्ही हात वर करून, रडत ओरडत होता. "पुरं, सिदू! पुरं, माझ्या लेकरा!"

मग सिदूची आई ओरडली. मग तालमीतली पोरं. मग सगळं गाव, "पुरं! पुरं!" मांजरखेडवालेसुद्धा ओरडले, असं मांजरखेडात म्हणतात. बेलोंडीत तसं कुणी म्हणत नाही.

सिदू वाकला. रेडा छातीवरून कमरेला आला, कमरेवरून मांडीला, मांडीवरून खाली. त्याने तो घोंगड्याशेजारी इतका अलगद ठेवला की तिथे पडलेलं झेंडूचं फूल धोंड्याखाली गेलं तरी चुरगळलं नाही, असं म्हणतात. मग तो स्वतःच वस्तादांच्या शेजारी आडवा पडला आणि तिथेच झोपला. जत्रा त्या दोघांना वळसा घालून चालत राहिली. पालखी निघाली.

लेहाची सूज उतरायला पुढला उन्हाळा लागला. सिदूची उंची मात्र हाड गप झालं तेव्हापासून एका जवाएवढीही वाढली नाही. वस्तादांनी त्याला डाव शिकवले, वजन नाही, आणि त्याने पुढे पुष्कळ कुस्त्या मारल्या. दर जत्रेला तो रेडा छातीपर्यंत नेई आणि अलगद ठेवी. केस पांढरे झाले तसा कमरेपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. अगदी शेवटच्या वर्षी त्याने वाकून धोंड्यावर नुसता तळवा ठेवला, आणि गाव "पुरं!" म्हणून तेवढ्याच जोराने ओरडलं. गुणाजी वस्तादांचं म्हणाल तर कुणी म्हणतात ते तालमीत झोपेतच गेले, कुणी म्हणतात होडीत बसून नदीपलीकडे गेले आणि तिकडेही एक तालीम घातली.

बेलोंडीला आता पूल आहे. रेडा आहे तिथेच आहे. जत्रेच्या सकाळी तालमीतली पोरं त्याच्या शेजारी एक घोंगडं घडी करून ठेवतात. त्याला वस्तादांची उशी म्हणतात. गड्याने धोंडा जमेल तिथपर्यंत न्यायचा आणि उशीला धक्का न लावता तिच्याशेजारी ठेवायचा. ज्याचा धोंडा आपटतो त्याचं उचलणं धरत नाहीत, मग तो खांद्याला का लागलेला असेना. नारळ आणि फेटा मिळतो तो धोंडा अलगद ठेवणाऱ्यालाच.

आणि "पुरं" म्हणण्याचा पहिला मान गड्याच्या आईचा नाहीतर बापाचा. त्यांना उभं करायला गर्दीच्या पुढे एक जागा मोकळी राखलेली असते. त्यांच्या तोंडून शब्द निघेपर्यंत पाटलांच्या घरच्या माणसानेसुद्धा तोंड उघडायचं नाही. त्यांनी म्हटलं, की मग सगळ्या गावाने म्हणायचं.