जमनामावशी दुकान बघायला येते

"...मग चुकलं कुठं, मावशी?"

शर्वरीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा जमनामावशीनं कानावरच घेतलं नाही. ती आपली पायरीवर बसून टाचेतला काटा शोधत होती.

तसं चुकायला काही नव्हतंच. साताऱ्यातलं एक बंद पडलेलं मंगल कार्यालय शर्वरीनं भाड्यानं घेतलं आणि चार महिन्यांत त्याचं रूप असं पालटलं, की तिथला जुना आचारी आला असता तर आल्या पावली परत गेला असता. पंगतीच्या हॉलमध्ये सागवानी कपाटं. बोहल्याच्या जागी काचेची उभी पेटी. वधूपक्षाची खोली पाडून तिथं लांबलचक संगमरवरी काउंटर. वापरलेले शालू, जुन्या पैठण्या, कुणाच्या आजीची इरकल... सगळं इथं ऐटीत विकायचं.

फक्त विकायला माल नव्हता.

बायका यायच्या, पिशवी पोटाशी धरून. शालू काउंटरवर ठेवायच्या. पलीकडची मुलगी हातमोजे घालून तो झटकन उचलायला जायची आणि तेवढ्यात बाई म्हणायची, "राहू दे, नंतर येते." नंतर कोण येतंय! उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं आणि कपाटं रिकामी.

आता ही जमनामावशी कोण, ते सांगायला हवं. बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. पन्नास वर्षं दारोदार हिंडलेली. काठ नुसता चिमटीत धरून त्यातली जर खरी का खोटी ते सांगायची. शर्वरी कापड ओळखायला शिकली ती हिच्याच हाताखाली. आणि शिकून झाल्यावर तिला वाटायला लागलं, की मावशीलाच आता आपण चार गोष्टी शिकवाव्यात. होतं असं, माणूस आहे.

"उजेड कमी पडतो का?"

"लई हाय."

"मग बायकांना लाज वाटते का जुनं विकायची?"

मावशी उठली, आत आली. काचेच्या पेटीपुढं थांबली.

"ह्यो कुणाचा?"

"आईचा. हाच शालू नेसून इथंच बोहल्यावर उभी राहिली होती." शर्वरीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. "तो विकायचा नाहीये. नुसता शोभेला."

मावशीनं काचेवर बोट टेकवलं.

"मावशी?"

"आण हिकडं."

"अहो, पण तो..."

"आण म्हनते न्हवं."

मावशी काउंटरकडं फिरकलीच नाही. दाराशी जमिनीवर फतकल मारून बसली आणि पदर मांडीवर पसरला. शर्वरीनं पेटी उघडली, शालू काढला, तिच्यासमोर बसून आपल्या मांडीवर ठेवला.

मावशीची एक रीत होती. दारातल्या बाईच्या हातातून तिनं कधी कपडा ओढून घेतला नाही. बाई आपण होऊन सोडेपर्यंत बसून राहायची, मग ऊन डोक्यावर का येईना. शर्वरीनं हे शंभर वेळा पाहिलं होतं. तिला वाटायचं, म्हातारीला उरक नाही.

शालूला डांबरगोळ्यांचा वास होता. त्याच्याखाली आईच्या पावडरीचा, अगदी पुसट. दोन वर्षांत शर्वरीनं तो नाकाशी धरला नव्हता, हिंमतच झाली नव्हती. आई हवी होती तिला. आत्ता, इथं, घटकाभर तरी.

"घ्या ना, मावशी."

मावशीनं हात लावला नाही.

...

रस्त्यानं एक रिक्षा गेली. काउंटरमागची मुलगी उगाच कपाट पुसायला लागली.

...

शर्वरीच्या मुठीत शालूच्या पदराचा काठ होता. तिनं बोटं सैल करून पाहिली. ती पुन्हा मिटली.

"मावशी," ती रडत म्हणाली, "हात सुटत नाही हो."

मावशीनं मान हलवली. मग कपाटांवरून, काउंटरवरून, साऱ्या हॉलवरून सावकाश नजर फिरवली.

"आता सांग पोरी, एवढ्या मोठ्या दुकानात ह्या हाताला जागा कुठं केलीस?"