दोन दारांचा तंबू

"...पण बाबा, दोन दारांचा न्यावा की एका दाराचा? तेवढं सांगा."

बाबा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"दोन दारं कशाला रे?"

"मी पहाटे उठून बाहेर पडलो तर तिची झोपमोड नको. तिचं दार वेगळं, माझं वेगळं. मधे पडदा आहे."

"तंबूत?"

"तंबूत."

बाबांनी आणखी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

मी चुलीपुढून ऐकत होतो. मठात भाकऱ्या थापायचं काम माझं, आणि चूल अशा जागी की अंगणातलं सगळं दिसतं, ऐकूही येतं. आता कान काय बांधून ठेवू?

हा उल्हास पाटणकर म्हणजे बाबांचा जुना शिष्य. निदान तो तसं म्हणवून घ्यायचा. कॉलेजात असल्यापासून आमच्या डोंगरावर यायचा, जाता-येता मठात जेवायचा, बाबांना प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं की ते बरोबर आहे का ते तपासायचा. आता केस पिकले, पुण्याच्या कुठल्याशा कारखान्यात मोठा साहेब झाला. तरी आला की स्वतःचं ताट स्वतः घासणार, वर माझंही घासणार. मला ते मुळीच आवडत नाही. माणसाला त्याची कामं करू द्यावीत.

या खेपेला बायकोला घेऊन आला होता. सुलेखा तिचं नाव. ती अंगणातल्या ओट्यावर बसली होती, कारण त्याने तिला तिथे बसवलं होतं.

वरच्या पठारावर दोघांनी एक रात्र मुक्काम करायचा, असा बेत होता. त्यासाठी पठ्ठ्याने दोन तंबू आणले होते आणि दोन्ही अंगणात लावून दाखवले. एक तर नुसता हवेत फेकला, तो आपला आपण उघडून जमिनीवर बसला. दुसरा मोठा, पडद्याचा.

"दोन्ही एकट्याला लावता येतात," तो म्हणाला. "दुसऱ्याला बोटसुद्धा लावावं लागत नाही."

"बाईंना कुठला आवडला?" बाबांनी विचारलं.

"तिला कशाला त्यात त्रास द्यायचा? मी आहे ना."

सुलेखाबाई ओट्यावरून उठल्या आणि सरळ माझ्या चुलीशी आल्या. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"मी थापू का एक भाकरी?" त्या म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर मी हाकललं असतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि परात पुढे सरकवली. पहिली भाकरी तुटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. बाई मात्र लहान पोरीसारख्या खूश.

"घरी सवय नाही वाटतं?" मी विचारलं.

"घरी तो करतो."

"भाकरी?"

"भाकरी, चहा, बँकेची कामं, माझ्या आईचं औषधपाणी... मी उठले की म्हणतो, 'तू बस, मी करतो.' इतकी वर्षं बसलेय मी."

मग एकदम म्हणाल्या, "उद्या खाली उतरलो की मी नाशिकला बहिणीकडे जाणार आहे. राहायलाच. त्याला सांगितलंय."

"मग? काय म्हणाले ते?"

"रडला. मीही रडले. आणि मी रडत होते म्हणून त्याने माझी बॅग भरून दिली."

मी कपाळाला हात लावला. खरं सांगतो, मला आधी बाईंचाच राग आला. आयता चहा मिळतो म्हणून घर सोडतं का कुणी? तसं मी बोलूनही दाखवलं.

"माणूस वाईट नाही हो तो," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही. पण मी त्या घरात पाहुणी आहे. मी गेले तर त्याचं काय अडेल, सांगा?"

भाकरी करपायला लागली होती, ती उलटली.

बाबा दारात उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. ते तसेच मागे वळले आणि अंगणात गेले.

"उल्हास, कुठला तंबू न्यायचा ते सांगतो. पण त्याआधी माझं एक काम कर. माळ्यावर माझी राहुटी आहे. ती उभी कर."

"एवढंच ना?"

"एवढंच."

ती राहुटी मला ठाऊक होती. जाड्याभरड्या कापडाची, मधे एक उंच खांब, भोवती दोऱ्या आणि लाकडाच्या मेखा. बाबांचे गुरू थोरले महाराज आणि बाबा जत्रेजत्रेतून हिंडायचे तेव्हाची. महाराज गेले आणि ती माळ्यावर पडली, ती पडलीच. मी कितीदा म्हटलं, बाबा, चला, आपण उभी करू, कापडाला ऊन तरी लागेल. बाबा म्हणायचे, "तुझी भाकरी करपेल."

उल्हासने राहुटी अंगणात पसरली. खाली वाकून मेखा बघितल्या, दोऱ्या ओढून बघितल्या. सुलेखाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि एक दोरी उचलू लागल्या.

"तू बस, मी करतो," तो म्हणाला.

त्यांनी दोरी ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

त्याने आधी लाकडी मोगरीने मेखा ठोकल्या, मग कापडाखाली शिरून खांब उभा केला. खांब उभा राहिला. हा हात सोडून बाहेर आला, तसा खांब झुकला आणि सगळं धाडकन खाली.

"दोऱ्या ढिल्या होत्या," तो म्हणाला.

दोऱ्या आवळल्या. आता खांबच उभा राहीना.

मग त्याने खांबाच्या बुडाशी दगड रचले. दगड ढासळले. आमच्या अंगणात वरवर मुरूम आणि खाली कातळ, त्यात मेखा धरत नाहीत. एका बाजूची दोरी ताणली की पलीकडची मेख उपटून यायची. तो तिकडे धावला की इकडची. शर्ट घामाने चिंब झाला, हाताला फोड आले. पण गडी इरेला पेटला होता. पडली की उचल, पडली की उचल. मला हसूही येत होतं आणि कीवही येत होती.

शेवटी मला राहवलं नाही. मी पीठ झटकून उठलो.

"गेनू," बाबा शेंगा फोडता फोडता म्हणाले, "तुझी भाकरी करपेल."

मी बसलो.

ऊन उतरायला लागलं. पठारावर जायचं तर आता निघायला हवं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

"बाबा, ही एकट्याने उभी राहत नाही का?"

"कोण म्हणालं एकट्याने?"

"मग आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे?"

उल्हासने दात आवळले आणि पुन्हा कापडाखाली शिरला. या वेळी त्याने खांब दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला आणि घट्ट उभा राहिला. आता आतून त्याला काहीच दिसत नव्हतं. कापड चारी बाजूंनी लोंबत होतं, खालून नुसते त्याचे बूट दिसत होते. मोगरी बाहेर, मेखा बाहेर. हात सोडला की पडणार. नाही सोडला तर मेखा कोण ठोकणार?

बूट जरा सरकले, पुन्हा घट्ट रोवले.

मी बाईंकडे बघितलं. त्या बुटांकडे बघत होत्या. उठल्या मात्र नाहीत.

"सुलेखा..."

"काय?"

"जरा... नाही, काही नाही. तू बस. मी करतो."

खांब थरथरला. कापड एकीकडे झुकलं, पुन्हा सावरलं. बाबांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचेही हात थांबलेले मी तेव्हाच बघितले.

"सुलेखा."

"ऐकतेय."

"मला जमत नाहीये."

तिकडे ओट्यावर त्या एकदम ताठ झाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत असावं.

"मग?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मग तू ये. तू नाही आलीस तर हे पडेल गं. सगळंच पडेल. माझे हात सुटत चाललेत... ये ना."

त्या लगेच गेल्या नाहीत. मला वाटलं, आता उठतात की बॅग उचलून गाडीत जाऊन बसतात! माझा जीव टांगणीला लागला. माझी भाकरी तव्यावर काळी पडली होती आणि बाबांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मग बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि मोगरी उचलली.

"कुठून सुरू करू?"

"डावीकडची... नाही, थांब. मला दिसत नाहीये. तूच बघ."

त्या ठोकायला लागल्या. पहिला घाव मातीत, दुसरा स्वतःच्या बोटावर. "आई गं!"

"लागलं? थांब, मी येतो..."

"येऊ नकोस! खांब धर!"

असा आवाज काढला की मीसुद्धा दचकलो.

"धरलाय," आतून उत्तर आलं.

"उजवीकडे झुकव. अरे, उजवीकडे! तुझी उजवी नव्हे, माझी! हां. आता हलू नकोस."

एकेक मेख बसत गेली. मुरमात धरेना तिथे बाईंनी खुरडत जाऊन दुसरी जागा शोधली, वर दगड ठेवला. केस सुटले, कपडे मातीने माखले. एकदा तर मेखेवर चक्क बसल्या आणि दोरी बांधली. मधेच आत कापडाखालून तो हसल्याचा आवाज आला, आणि मग बाईही हसल्या. का ते मला कळलं नाही.

"सोड आता हात."

"नक्की सोडू?"

"सोड म्हणते ना."

खांब उभा राहिला.

उल्हास वाकून बाहेर आला आणि उजेडाने डोळे मिचकावत राहुटीकडे बघत राहिला. काय ध्यान होतं ते! एक बाजू ताठ, दुसरी पोटावर लोळलेली. दार एकच, तेही तिरकं. त्याने एक फेरी मारली. एक मेख अगदीच वाकडी गेली होती. त्याचा हात आपसूक मोगरीकडे गेला.

मोगरी बाईंच्या हातात होती. त्यांनी ती पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.



त्याने हात मागे घेतला. खिशात घातला. कारखान्यातल्या साहेबाला एवढी ताकद आयुष्यात कशालाच लागली नसेल.

"छान झालीय," तो म्हणाला.

"वाकडी झालीय," त्या म्हणाल्या.

"हो. वाकडी झालीय."

तो बाबांसमोर येऊन उभा राहिला. हाताचे फोड फुटले होते.

"राहुटी उभी केली बाबा. आता सांगा, पठारावर यांतला कुठला तंबू नेऊ?"

बाबा उठले. आपल्या जुन्या राहुटीभोवती हळूहळू फिरले. वाकड्या मेखेपाशी थांबले, तिच्यावरून हात फिरवला. थोरले महाराज गेल्यापासून बाबांचे डोळे असे भरलेले मी बघितले नव्हते.

"वर वारा आहे का रे?"

"भरपूर आहे. रात्रभर असतो."

"आणि ही? टिकेल त्या वाऱ्यात?"

उल्हासने बायकोकडे बघितलं. खोटं बोलावं की खरं, ते त्याला ठरवता येईना. शेवटी बाईच म्हणाल्या, "नाही बाबा. रात्रीतून एकदा तरी पडेल."

"पडेल ना?"

"पडेल."

"मग हीच न्या."