गुलाबरावांचे यंत्रविसर्जन

नदी नसलेल्या, पण आपल्या ओढ्याचा भारी अभिमान असलेल्या एका गावात गुलाबराव नावाचे एक हौशी गृहस्थ राहत. बाजारात नवे यंत्र आले की ते त्यांच्या घरी आलेच म्हणून समजा. खंडेनवमीला ते टीव्ही, मिक्सर, मोबाइल, सगळ्यांना हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घालत. दसऱ्याला नवे आणत आणि जुने, चालू असो की बंद, ओढ्यात टाकत.

"अहो, काल हात जोडले आणि आज पाण्यात ढकलता?" त्यांची पत्नी भागीरथीबाई म्हणाली.

"मग देवाचे विसर्जन कुठे करतात? पाण्यातच ना!" गुलाबराव मिशीत हसले.

वेडेपणा गरिबाने केला तर लोक हसतात; श्रीमंताने केला की पायंडा पडतो. पुढच्या दसऱ्याला घरोघरची जुनी यंत्रे वाजतगाजत ओढ्यात गेली.

उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी आटून काळे पडले. वर तेलकट तवंग आला. गुलाबरावांची लाडकी म्हैस चंद्री काठावर आली, तिने वास घेतला आणि ती मागे फिरली. डुंबल्याशिवाय जिचा दिवस जात नसे, ती गोठ्यात धापा टाकत पडली. तिने चारा सोडला. गुलाबरावांच्याही घशाखाली घास उतरेना.

"एवढे काय? नवी म्हैस आणा की," शेजारी म्हणाला.

गुलाबराव कडाडले, "चंद्री म्हणजे काय टाकून द्यायची वस्तू आहे?"

"विसर्जनाआधी 'पुनरागमनाय च' म्हणतात," भागीरथीबाई हळूच म्हणाली. "परत या म्हणतात. तुम्ही कुणाला म्हणालात?"

गुलाबराव ओशाळले. पण गडी मनाचा मोठा. धोतर खोचून ते सगळ्या गावादेखत चिखलात उतरले आणि पहिला टीव्ही डोक्यावर घेऊन वर आले. "पुनरागमनाय च!" ते ओरडले. मग काय, गावाने ढोल काढले आणि मिरवणूक उलटी निघाली, ओढ्याकडून गावाकडे! गंजलेली यंत्रे तालुक्याच्या भंगाराच्या कारखान्यात गेली. तिथे ती सुटी करून त्यांतले तांबे पुन्हा कामाला लावले. घरात बंद पडलेली दुरुस्तीला गेली. चंद्रीला भागीरथीबाईने विहिरीच्या पाण्यावर जगवले.

पावसाळ्याने ओढा धुऊन काढला. खंडेनवमीला गुलाबरावांनी जुन्याच टीव्हीला माळ घातली आणि दुसरी घेऊन ते चंद्रीला शोधत निघाले. बाईसाहेब ओढ्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या आणि काही केल्या बाहेर येईनात. शेवटी गुलाबरावच माळ घेऊन आनंदाने पाण्यात उतरले.

तात्पर्य: वस्तू जितक्या हौसेने घरी आणावी, तितक्याच काळजीने ती जपावी आणि निरोपही तसाच द्यावा; कारण आपण टाकलेले शेवटी आपल्याच पाण्यात येते.